फक्त एमआरपी बदलायची होती... इंकस्केप, स्क्रायबस आणि गिंप आठ महिने वापरल्यावर

आमचा फराळाचा धंदा आहे, नाशिकला. चिवडा, लसूण शेव, चकली, कडबोळी, भाजणी असं सगळं धरून २३ पाकिटं होतात. सासूबाईंनी (त्यांना मी आईच म्हणते) घरच्या ओट्यावर सुरू केलेलं, आता आई, मी आणि धाकटे भाऊजी मिळून बघतो, सीझनला चार बायका हाताखाली असतात. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं या मापाच्या धंद्याबद्दल आहे, ज्यांच्याकडे एजन्सी आहे आणि एसीत बसलेले तीन डिझायनर आहेत त्यांना यातलं निम्मं हसू येण्यासारखं वाटेल, तर हसा. वरची तिन्ही नावं म्हणजे फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं, इंकस्केप लेबलं-चित्रं करायला, स्क्रायबस छपाईची पानं लावायला, गिंप फोटो साफ करायला.

तर झालं असं. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले, पाकीटबंद नमकीनवरचा १२ टक्क्यांचा ५ झाला आणि तोही नेमका घटस्थापनेपासून, २२ तारखेपासून लागू. गिऱ्हाईक पेपर वाचतं हो, दुसऱ्याच दिवशी विचारायला सुरुवात, ताई आता चिवडा स्वस्त ना? जुन्या मालावर नव्या किमतीचं स्टिकर चालत होतं, पण दिवाळी महिन्यावर आलेली, नवीन लेबलं छापायचीच होती. २५० ग्रॅमचं पाकीट १२० ला होतं ते आम्ही ११२ ला आणलं. एक आकडा बदलला म्हणता, पण लेबलवर एमआरपी बदलली की शेजारचा प्रति ग्रॅम दर पण बदलतो, ०.४८ चा ०.४५ करायचा. २३ पैकी १९ पाकिटांवर. म्हणजे अडतीस ठिकाणी खाडाखोड. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम.

लेबलं दोन वर्षांपूर्वी एका मुलाकडून करून घेतली होती, छान केली होती, त्याबद्दल तक्रार नाही. तो मुलगा मधल्या काळात बंगळुरूला नोकरीला गेला. फोन केला, बिचाऱ्याने रात्री अकराला फायली पाठवल्या, पण त्या कुठल्यातरी महिन्याच्या भाड्याने चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एकदम ताज्या व्हर्जनमधल्या. प्रेसवाल्या काकांकडे उघडेनात, त्यांच्याकडे सगळं जुनं. ते म्हणाले, "वहिनी, सीडीआर द्या, एक्स थ्रीला डाऊन करून द्या." आता हे वाक्य मला त्या दिवशी संस्कृतसारखं वाटलं (अर्थ असा की कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरच्या एक्स थ्री या जुन्या व्हर्जनमध्ये उघडेल अशी फाइल द्या). भाऊजींनी त्या सॉफ्टवेअरचं सात दिवसांचं ट्रायल उतरवलं, फाइल उघडली पण फॉन्ट गायब, कारण फॉन्ट त्या मुलाच्या सबस्क्रिप्शनबरोबर आलेले होते. 'खमंग' या शब्दाच्या जागी चौकोन. म्हणजे लेबलचे पैसे आम्ही दिले, चिवडा आमचा, नाव आमचं, आणि आमच्याच पाकिटावरचा एक आकडा बदलायला आम्हाला तीन लोकांची परवानगी लागत होती. नोटा आणि स्टॅम्पपेपर छापणाऱ्या गावात राहून आम्हाला चिवड्याचं लेबल छापता येईना! भाऊजी म्हणाले हे व्हॉट्सॲप स्टेटसला टाकू का, मी म्हटलं आधी मार्ग काढा.

मार्ग निघाला तो व्हॉट्सॲपवरच्या जुन्या पीडीएफमधून. प्रेसला पाठवलेली छपाईची पीडीएफ पडली होती, ती भाऊजींनी इंकस्केपमध्ये उघडली, अक्षरं सगळी आउटलाइन झालेली म्हणजे टाइप करून बदलता येईनात, तर जुन्या आकड्यावर त्याच पिवळ्या रंगाचा चौकोन ठेवला आणि वर नवीन आकडा लिहिला. गोधडीला ठिगळ लावतात तसं. १९ लेबलांना ३८ ठिगळं, रात्री अडीच वाजले. दिवाळी निभावली. पण त्या रात्रीनंतर ठरवलं की हे परत नाही.

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात बसून सगळी लेबलं नव्याने, आमच्या हातात राहतील अशी करायला घेतली. त्याला आता आठ महिने झालेत. खाली जे लिहितेय ते त्या अनुभवावरून.

सगळ्यात आधी, मी काय शोधत होते. लोक विचारतात स्वस्त कुठलं, फुकट कुठलं. मला पैशाचा प्रश्न दुसऱ्या नंबरला वाटतो. महिन्याला दीड-दोन हजार देणं दिवाळीच्या धंद्यात निघून जातं. माझा प्रश्न असा होता की सॉफ्टवेअर बंद केलं, कंपनी विकली गेली, डिझायनर गावाला गेला, लॅपटॉप चोरीला गेला, यातलं काहीही झालं तरी पाच वर्षांनी मला 'निव्वळ वजन'च्या पुढचा आकडा बदलता येईल का. बस. या एका चाळणीतून चाळल्यावर बऱ्याच चकचकीत गोष्टी खाली पडतात.

आणि कंपन्या बदलतात हो, ही काय माझी कल्पना नाही. फोटोशॉपवाल्या अडोबीने २०१३ मध्ये पेटीतलं सॉफ्टवेअर विकणं थांबवून सगळं भाड्यावर नेलं, सीएस सिक्स हे शेवटचं विकत मिळणारं. २०२२ मध्ये पँटोनच्या (छपाईसाठी ठरावीक नंबरचे रंग देणारी कंपनी) रंगांचं लायसन्सिंग बदललं आणि लोकांच्या जुन्या फायलींमधले ते रंग काळे दिसायला लागले, वेगळी वर्गणी भरा म्हणे. रंग! उद्या हळदीला पण वर्गणी लावतील. त्याच वर्षी अडोबीने फिग्मा, म्हणजे ॲप-वेबसाइटचे स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, विकत घ्यायचं जाहीर केलं, २० अब्ज डॉलरला, मग २०२३ च्या डिसेंबरात ते फिसकटलं. अफिनिटी नावाचं एक चांगलं सॉफ्टवेअर होतं, एकदा पैसे भरा आणि कायमचं वापरा असं, ते २०२४ मध्ये कॅनव्हाने (तयार टेम्प्लेटवर ऑनलाइन डिझाइन करायची ती साइट) घेतलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरात फुकट करून टाकलं, पण कॅनव्हाचं अकाउंट लागतं. आम्ही शोधत होतो तेव्हाच ही बातमी आली आणि भाऊजी एकदम खूश, वहिनी फुकट झालं बघा. उतरवून पाहिलं, खरंच देखणं आहे, कामाला झपझप, इंकस्केपपेक्षा कितीतरी गुळगुळीत. पण मूळ फाइल त्यांच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये, जी नीट उघडायला तेच सॉफ्टवेअर लागतं. आज फुकट आहे म्हणून घरात घेतलेला पाहुणा उद्या काय मागेल ते मला सांगता येत नाही. कुणाला घ्यायचं असेल तर घ्या, फक्त दर वेळी पीडीएफ आणि एसव्हीजी (चित्राच्या फाइलचा एक खुला प्रकार, पुढे सांगते) काढून ठेवा.

इंकस्केपकडे वळते. २००३ पासून चालू आहे, १.० यायला २०२० उजाडलं (सतरा वर्षं, आमच्या उड्डाणपुलापेक्षा हळू), आम्ही १.४ वापरतो. याची मूळ फाइलच एसव्हीजी आहे, आणि एसव्हीजी हे कुठल्या एका कंपनीचं नाही, ब्राउझरमध्ये सुद्धा उघडतं. हे मी नुसतं ऐकलं होतं, पण पटलं कधी, तर एकदा भाऊजींनी चुकून लेबलची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. मला वाटलं आता बाराखडीची भेळ दिसणार. दिसली पण, इंग्रजी खुणांचं जंगल, पण त्यात खाली स्क्रोल करताना मधेच सरळ मराठीत 'लसूण शेव', पुढे 'एमआरपी ₹११२', 'सर्व करांसह'. स्वच्छ. वाचता येण्यासारखं. भाऊजींनी तिथेच नोटपॅडमध्ये ११२ चं ११५ केलं, सेव्ह केलं, डबल क्लिक केलं आणि लेबलवर ११५! मला खरंच अंगावर काटा आला, लोकांना सिनेमात येतो तसा. म्हणजे इंकस्केप उद्या जगातून नाहीसं झालं तरी आमचा मजकूर कुणाच्या कुलुपात नाही.

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे नेक्स्टजनरेटर नावाचं एक एक्स्टेन्शन आहे, वेगळं उतरवून टाकावं लागतं. लेबलमध्ये किंमत, वजन, दर यांच्या जागी ठरावीक खुणेचे शब्द लिहायचे, आणि एक्सेलमध्ये २३ ओळींची यादी करून सीएसव्ही (यादीची साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह करायची, मग ते एकेका ओळीचे आकडे घालून २३ वेगळ्या फायली बाहेर काढतं. पहिल्यांदा जमवायला पूर्ण रविवार गेला, आईंनी दोनदा विचारलं की जेवायचं आहे की नाही. आता जीएसटी पुन्हा बदला, शेंगदाण्याचा भाव वाढू दे, आम्ही यादीतला आकडा बदलतो आणि चहा होईपर्यंत लेबलं तयार. मला विचाराल तर छोट्या धंद्यासाठी इंकस्केपचं सगळ्यात मोठं काम हेच आहे, चित्रं काढणं नाही.

लोगोची पण गंमत सांगते. आईंचा पहिला बोर्ड एका पेंटर काकांनी हाताने रंगवला होता, पत्र्यावर, ते अक्षर इतकं सुंदर आहे की मधल्या डिझायनरने टेम्प्लेटमधला लोगो लावला तेव्हा आई दोन दिवस बोलल्या नव्हत्या. मी त्या पत्र्याचा सकाळच्या उन्हात सरळ समोरून फोटो काढला, गिंपमध्ये काळापांढरा केला, गंजाचे डाग पुसले आणि इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपमधून त्याची रेषा काढली. नंतर एकेका वळणाचे नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, कमी करत बसले, 'भ'ची गाठ नीट यायला दीड तास. पण आता तो लोगो पाकिटावर नखाएवढा आणि स्टॉलच्या दहा फुटी फ्लेक्सवर, दोन्हीकडे तोच. आणि तो आमचा आहे. हे महत्त्वाचं अशासाठी की सीए म्हणाले ट्रेडमार्क करून घ्या, छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाला ४५०० रुपये फी आहे, तेव्हा कळलं की कॅनव्हासारख्या ठिकाणच्या तयार चित्रांतून केलेला लोगो ट्रेडमार्क करता येत नाही, कारण तेच चित्र शंभर जण वापरू शकतात, हक्क तुमच्या एकट्याचा नसतो. कितीतरी घरगुती ब्रँडचे लोगो असेच आहेत, तीच सोनेरी गोल वेल आणि मध्ये अक्षर. तुमचा असेल तर एकदा बघून घ्या.

आता जरा फॉन्टवर थांबते, कारण मराठी माणसाचं खरं कुलूप तिथे आहे आणि इंग्रजीतले लेख वाचून ते कळत नाही, त्यांना हा त्रासच नाही.

सासऱ्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी दरपत्रक टाइप करून घेतलं होतं, त्याची सीडी आईंनी देव्हाऱ्याखालच्या खणात जपून ठेवलेली. भाऊजींनी कुठूनतरी सीडी ड्राइव्ह आणला, फाइल निघाली, त्यातला मजकूर कॉपी करून बघितला तर इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणांची खिचडी. कारण त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेलं, काना वेगळा, मात्रा वेगळी, प्रत्येक फॉन्टवाल्याची बसवायची पद्धत वेगळी. फॉन्ट गेला की भाषा गेली. म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांनी कुलूप लावायच्या आधी आपल्याकडे फॉन्टनेच लावलेलं होतं. ती खिचडी सोडवायला कन्व्हर्टर मिळतात, आम्ही एक लावला, बराच मजकूर सुटला पण सगळे रफार आणि ऱ्य हाताने दुरुस्त करावे लागले, 'सुऱ्या', 'दऱ्या' असल्या शब्दांची तर वाट. आणि अजूनही, आजही, प्रेसलाइनला अर्धी कामं तशाच फॉन्टमध्ये चालतात बरं का, कारण काकांकडच्या टायपिस्टचे हात त्या कीबोर्डला बसलेत. त्यांना दोष देत नाही. पण तुम्ही लेबल करून घेत असाल तर एकच गोष्ट ठामपणे सांगा, मजकूर युनिकोडमध्ये हवा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर, फॉन्ट कुठलाही असो. युनिकोडमध्ये असला की इंकस्केप जोडाक्षरं बरोबर जोडतं, आम्हाला 'क्ष', 'ज्ञ', 'र्‍हस्व' सगळं नीट मिळालं, शोधता येतं, कॉपी करून व्हॉट्सॲपला टाकता येतं.

फॉन्ट घेतले ते सगळे ओपन लायसन्सचे. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्त आणि बलू आहेत, टिरो देवनागरी मराठी आहे, गुगल फॉन्ट्सवरून उतरवता येतात, धंद्यात वापरायला आडकाठी नाही, आणि फायलींच्या फोल्डरमध्ये फॉन्टची कॉपी लायसन्ससकट ठेवून देता येते. हे जे शेवटचं आहे ना, फोल्डरमध्ये ठेवणं, ते करा. त्या रात्रीचे चौकोन आठवतात मला.

टिरोपर्यंत कसे पोचलो ते सांगते. पहिल्यांदा मी दुसऱ्याच एका फॉन्टात 'लसूण शेव' लिहून प्रिंट काढून आईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण हा ल कुणाचा? हा आपला नाही." बघते तर खरंच, हिंदी वळणाचा ल. आणि श पण. लसूण शेव या दोन शब्दांत नेमकी तीच दोन अक्षरं, ल आणि श, ज्यांचं मराठी वळण वेगळं! बऱ्याच देवनागरी फॉन्टांमध्ये पहिल्यांदा हिंदी वळण येतं, मराठी आत लपलेलं असतं किंवा नसतंच. टिरोची मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे, तिच्यात आपला ल. आईंनी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून पास केलं. तेव्हापासून आमच्याकडे फॉन्ट निवडायची परीक्षा म्हणजे 'लसूण शेव' लिहून आईंना दाखवणे.

आता तक्रारी. इंकस्केपची मोठी उणीव म्हणजे छपाईचे चार रंग, सीएमवायके. स्क्रीनवर रंग निवडायला सीएमवायकेची पट्टी दिसते म्हणून मला वाटलं झालं काम, पण पीडीएफ बाहेर पडते ती आरजीबीमध्येच, म्हणजे स्क्रीनच्या तीन रंगांत. फ्लेक्सला काही फरक पडत नाही, तिथे मशीनचं सॉफ्टवेअर स्वतःच बदलून घेतं. गमिंगच्या (मागे गोंद असलेल्या) शीटवर डिजिटल काढलं तरी चालून जातं, आम्ही बारा बाय अठराच्या शीटवर बसवून हाफ कट (फक्त वरचा कागद कापणं) करून घेतो. पण ऑफसेटला, म्हणजे प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट करून होणाऱ्या छपाईला, गेलात की मार. आमची पहिली मोठी छपाई ऑफसेटला दिली, पाच हजार लेबलं, आणि पाकिटाच्या मागच्या बाजूच्या लेबलवरचा घटक पदार्थांचा बारीक मजकूर, बेसन, शेंगदाणा तेल, मीठ, त्या प्रत्येक अक्षराला लालसर निळसर सावली. काका म्हणाले, "वहिनी, हे काळं नुसतं काळं नाहीये, चार रंगांचं काळं आहे, प्लेट केसभर हलली की असं दिसणार." चूक माझी होती, न विचारता पीडीएफ दिली. तीन हजार वापरली, बाकीची टेबलखाली आहेत, आमचे हिशेब त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चालतात.

यावर उपाय स्क्रायबस. हे पान लावायचं सॉफ्टवेअर आहे, पेजमेकरच्या जातकुळीतलं, आणि दिसतं पण त्याच काळातलं, सांगून ठेवते. २०२४ च्या जानेवारीत १.६ आलं ते आम्ही वापरतो. पण छपाईच्या बाबतीत ते पक्कं गिरणीतलं माणूस आहे, गोड बोलणार नाही पण काम चोख. आमची पद्धत अशी, इंकस्केपमधल्या लेबलची एक कॉपी करायची, त्या कॉपीतल्या अक्षरांच्या आउटलाइन करायच्या (मूळ फाइलला हात लावायचा नाही, हे एकदा विसरले होते, रडले होते), मग ती एसव्हीजी स्क्रायबसमध्ये आणायची. तिथे रंगांच्या यादीत आलेले रंग वेगळे दिसतात, नावापुढे फ्रॉम एसव्हीजी असं लिहिलेलं. त्यातला काळा उघडायचा, सीएमवायके करायचा आणि शून्य, शून्य, शून्य, शंभर. झालं, नुसतं काळं. मग प्रिव्ह्यूमध्ये एकेक प्लेट वेगळी बघता येते, निळी बंद करा, लाल बंद करा, पिवळी बंद करा, आणि मजकूर फक्त काळ्यावर उरला पाहिजे. हे बघायला मला इतकं आवडतं की गरज नसताना पण बघते. तीन मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) ठेवून पीडीएफ एक्स थ्री काढायची, हा छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार, काकांच्या त्या कोरलच्या एक्स थ्रीशी याचा संबंध नाही. काकांनी पहिली फाइल बघून विचारलं होतं, कुणाकडून करून घेतली.

स्क्रायबस शिकायला मात्र कठीण आहे, खोटं कशाला बोलू. मजकुराची चौकट, चित्राची चौकट, सगळं वेगळं, साधा शब्द बदलायला आपण एक्सेलवाली माणसं चार ठिकाणी क्लिक करत बसतो. मी त्यात फक्त शेवटचं छपाईचं काम आणि दिवाळीचं आठ पानी दरपत्रक करते, बाकी नाही.

गिंपबद्दल थोडक्यात. फोटो साफ करायला पुरतं. २०२५ च्या मार्चमध्ये ३.० आलं, त्यात एक चांगलं झालं की उजेड-रंगाचे फिल्टर लावल्यावर ते नंतरही बदलता येतात, आधी एकदा लावलं की लागलं. चकलीच्या फोटोचं बॅकग्राउंड काढायला मात्र हाताने कापावं लागतं, एका बटणात होत नाही, आणि चकलीचे काटे म्हणजे तुम्हाला माहितीये. त्यासाठी भाऊजी फोनवरचंच काहीतरी वापरतात. वापरू देत, तिथे अडकण्यासारखं काही नाही, फोटो शेवटी फोटो म्हणूनच बाहेर येतो.

कॅनव्हा सोडलं का? नाही. संक्रांतीचं, गुढीपाडव्याचं शुभेच्छांचं स्टेटस मी अजून तिथेच करते, दहा मिनिटांत होतं, दुसऱ्या दिवशी त्याची किंमत शून्य, त्याला कशाला इंकस्केप. आमचा नियम असा झालाय की जे पुढच्या वर्षी परत लागणार ते आपल्या फाइलमध्ये, जे उद्या शिळं होणार ते कुठेही. पोहे कुठेही खा, भाजणी घरची.

ज्यांचं काम पाकिटांचं नसून ॲप-वेबसाइटच्या स्क्रीनचं आहे त्यांच्यासाठी पेनपॉट म्हणून एक आहे, स्पेनच्या कॅलिडोस कंपनीचं, ओपन सोर्स म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला, स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं. भाऊजींनी आमच्या ऑर्डरच्या पानासाठी दोन दिवस वापरलं, त्यांना आवडलं. मला त्यातलं कळत नाही, पुढे जाते.

डिझायनरचं काय, हा प्रश्न मला मैत्रिणी विचारतात. म्हणजे आता सगळं स्वतःच करायचं का? अजिबात नाही. रंगसंगती आणि मांडणी हे शिकलेल्या माणसाचं काम, आम्ही नवीन गिफ्ट बॉक्स बाहेरूनच करून घेतला. फक्त आता बोलणी आधी करतो. बाजारात 'ओपन फाइल' हवी असेल तर वेगळे पैसे मागतात, पूर्वी मला तो चोरपणा वाटायचा, आता वाटत नाही, ते पैसे मी आनंदाने देते. पण ओपन फाइल म्हणजे काय ते लिहून घेते, एसव्हीजी, मजकूर युनिकोडमध्ये जिवंत, आउटलाइन केलेली एक वेगळी कॉपी, आणि फॉन्ट असे की जे मला कायदेशीर वापरता येतील. एका मुलीने सरळ सांगितलं की ताई मी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करते, एसव्हीजी काढून देईन. चालेल ना! ती कशात करते याच्याशी मला घेणं नाही. तिने दिलेली फाइल तिच्यासमोर माझ्या लॅपटॉपवर उघडायची, एक आकडा बदलायचा, सेव्ह करायचं, मग उरलेले पैसे. पहिल्यांदा उघडली तेव्हा ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात जाणारी छटा) बिघडलेला निघाला, तिने लगेच दुरुस्त केला, दहा मिनिटांचं काम. हेच दोन वर्षांनी निघालं असतं तर परत ठिगळं.

जुन्या सीडीआर फायली असतील तर इंकस्केप त्या उघडून बघतं, आमच्या एका जुन्या स्टँडीची उघडली, आकार आले, मजकुराची मात्र पुन्हा मांडामांड. आधी उघडून बघा, मग ठरवा. आणि ज्यांचे हात कोरलला बसलेत त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये कीबोर्डच्या शॉर्टकटांचा कोरलसारखा संच निवडता येतो, काकांच्या प्रेसमधल्या मुलाला मी तो लावून दिला, तर तो म्हणे मग बरंय की.

लॅपटॉप आमचा आठ जीबी रॅमचा, जुना. इंकस्केप सुरू व्हायला तेवढा वेळ घेतं, फॉन्ट जास्त टाकले की अजून, तेवढ्यात मी गॅसवर कढई ठेवून येते. मोठा फोटो आत घातला की जड होतं, फोटो लहान करून घालायचा. इंकस्केपला पाचात चार देईन, सीएमवायके आलं की बघू. स्क्रायबसला प्रेसच्या दारात पाच, घरी तीन.

सध्या बारकोडचं चाललंय. एका दुकानसाखळीने माल ठेवायचं कबूल केलंय, त्यांना पाकिटावर बारकोड लागतो. इंकस्केपमध्ये बारकोड काढायची सोय आहे, आकडे घातले की पट्ट्या तयार, पण ते आकडे आपल्या मनाचे घालून चालत नाही, जीएसवन इंडियाकडून घ्यावे लागतात, त्याचा अर्ज भाऊजी भरतायत. आले की यादीत एक रकाना वाढवायचा. आई विचारत होत्या या उभ्या रेघांमध्ये पण हिंदी-मराठी असतं का.